डेंटल असिस्टंट म्हणजे हायजिनिस्ट नव्हे!

अमेरिकेत आलेल्या आपल्या लोकांत एक समज कधीपासून फिरतोय, की कम्युनिटी कॉलेजात वर्षभराचा डेंटल असिस्टंटचा कोर्स केला की दात क्लीन करायचं लायसन्स मिळतं. नाही हो! हिरडीखालचं कीटण खरवडणं हे हायजिनिस्टचं काम, त्याचं शिक्षण वेगळं, सहसा निदान असोसिएट डिग्रीचं (म्हणजे साधारण दोन वर्षांची पदवी), आणि लायसन्स पण वेगळं. असिस्टंट सक्शन धरणार, साचे घेणार, हत्यारं निर्जंतुक करणार, एक्स-रे काढणार, आणि त्यातलंही काय चालतं काय नाही ते प्रत्येक राज्याचं वेगळं. पण म्हणून कोर्स फालतू नाहीये, डेंटल कोर्सेसना मान्यता देणाऱ्या कोडा या संस्थेची मान्यता हवी असेल तर किमान ९०० तास शिकवावं लागतं, त्यातले ३०० प्रत्यक्ष क्लिनिकमधे. आणि भारतातून डेंटिस्ट होऊन आलेल्या बीडीएसवाल्यांनो, यातून डेंटिस्टचं लायसन्स मिळत नाही, त्याला आयएनबीडीई ही डेंटिस्टांची राष्ट्रीय परीक्षा आणि बहुतेक राज्यांत परत डेंटल स्कूलच.