टेबल टेनिस ब्लेडचे सीलिंग

टेबल टेनिसच्या रॅकेटचा लाकडी भाग म्हणजे ब्लेड. रबर चिकटवण्याआधी ब्लेडच्या दोन्ही बाजूंना वार्निशचा किंवा लॅकरचा अगदी पातळ हात देऊन लाकडाचा वरचा पापुद्रा पक्का करणे, याला ब्लेड सील करणे म्हणतात. घाम आणि दमट हवा यांपासून लाकडाचा बचाव होतो, हे कारण नेहमी पुढे केले जाते. ते खोटे नाही, पण दुय्यम आहे. सीलिंगचा खरा उपयोग जुने रबर काढताना होतो. ओढ बसल्यावर तुटायचे ते गोंदाच्या थरात तुटावे, लाकडात तुटू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाच्या नियमांनुसार ब्लेडच्या जाडीपैकी किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा लागतो. बहुतेक ब्लेड पाच किंवा सात थरांचे असतात. सर्वांत बाहेरचा थर बऱ्याचदा मिलिमीटरभरही जाड नसतो आणि त्याचे धागे मुठीपासून टोकाकडे उभे धावतात. रबर ओढले की हेच धागे गोंदाबरोबर उचलले जातात आणि बघता बघता लांबलचक ढलपी निघते. लिंबा हे मोकळ्या छिद्रांचे लाकूड गोंद पिते आणि चटकन सुटते. हिनोकी व स्प्रूस ही मऊ लाकडेही तशीच नाजूक. कोटो आणि अक्रोड त्या मानाने टणक, तरी त्यांनाही अभय नाही. काही ब्लेड कारखान्यातूनच सील होऊन येतात. कडेजवळ पाण्याचा बारीक थेंब ठेवला की ते कळते : थेंब मण्यासारखा उभा राहिला तर वर थर आहे, लाकडावर गडद डाग पसरला तर ते कोरे आहे. थेंब लगेच टिपून घ्यावा.

गोंद बदलल्यावर हा प्रश्न अधिक जाणवू लागला. पूर्वी स्पीड ग्लूचा जमाना होता. त्यातला द्रावक भराभर उडून जाई. अशा बाष्पनशील द्रावकांच्या गोंदांवर महासंघाची बंदी १ सप्टेंबर २००८ पासून लागू झाली आणि पाण्यात कालवलेले लॅटेक्सचे गोंद सर्रास वापरात आले. त्यांतले पाणी कोऱ्या लाकडात मुरते, त्याने धागे फुगतात, आणि वाळलेले लॅटेक्स त्या धाग्यांना घट्ट धरून बसते. सील केलेल्या ब्लेडवर हाच गोंद बोटाने घासला की वळकटी होऊन निघून येतो.

सीलिंगसाठी पाण्यावर आधारित मॅट पॉलियुरेथेन वार्निश सोयीचे. तेल किंवा मेण मात्र टाळावे, कारण त्यावर गोंद नीट धरत नाही. आधी ३२० ते ४०० नंबरचा पॉलिश पेपर धाग्यांच्या दिशेने हलकेच फिरवायचा आणि भुकटी कोरड्या कापडाने पुसायची. मग स्पंजच्या तुकड्यावर वार्निशचे मोजके थेंब घेऊन मुठीपासून टोकापर्यंत एकाच दिशेने पुसल्यासारखे लावायचे. वार्निश साचून ओघळ दिसला म्हणजे ते जास्त झाले. वाळल्यावर पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो. पाण्याने उभे राहिलेले धागे ते. पॉलिश पेपर एकदा अलगद फिरवला की ते बसतात. दुसरा हात द्यायचा तर त्यानंतर. वार्निश तासाभरात हाताला कोरडे लागले तरी रबर चिकटवायला किमान एक दिवस थांबलेले बरे. ब्लेडच्या कडांनाही हात द्यावा, कारण थरांचे सांधे तिथेच उघडे असतात. मूठ मात्र कोरीच ठेवावी. वार्निश लावलेली मूठ घाम शोषत नाही आणि हातातून निसटते.

वार्निशने खेळ बदलतो का, यावर खेळाडूंत कायम वाद असतो. जाड थराने पृष्ठभाग कडक होतो, वजनात थोडी भर पडते आणि चेंडू लागल्याची जाणीव हाताला वेगळी येते, हे खरे. हिनोकीचा मऊ स्पर्श जपणारे खेळाडू म्हणूनच वार्निशच्या नावाने नाक मुरडतात. पण धागे बांधून ठेवायला एक-दोन पातळ हात पुरतात आणि तेवढ्याने पडणारा फरक रबर बदलल्याने पडणाऱ्या फरकापुढे किरकोळ आहे. चार-पाच हात देऊन काचेसारखी चकाकी आणण्यात काही हशील नाही. फार गुळगुळीत पृष्ठभागावर गोंदाची पकडही कमी होते.

नियमात रबरावर कोणतीही भौतिक वा रासायनिक प्रक्रिया करायला मनाई आहे. ती मनाई लाकडाला लागू होत नाही. मात्र ब्लेड आणि त्यावरचे थर अखंड व सारख्या जाडीचे असावेत, अशी अट आहे. पेनहोल्ड, म्हणजे पेन धरल्यासारख्या पकडीचे काही खेळाडू एक बाजू रबराविना ठेवतात. त्या बाजूने चेंडू मारता येत नाही, आणि तिचा पृष्ठभागही चकाकता चालत नाही. तिथे चमकदार वार्निश मारले तर पंच हरकत घेऊ शकतात.

सील केलेले ब्लेडही धसमुसळेपणाने रबर ओढले तर सोलवटते. रबर सरळ वर न उपटता स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागालगत सावकाश ओढावे. धागा उचलला जातोय असे दिसताच थांबून विरुद्ध टोकाकडून सुरुवात करावी. अर्धवट सुटलेली ढलपी तोडू नये. तिच्याखाली टाचणीच्या टोकाने लाकडाचा पांढरा गोंद सारून वर प्लास्टिकचा कागद आणि वजन ठेवले, तर ती जागच्या जागी बसते. त्यानंतर तेवढ्याच भागावर वार्निशचा हात पुन्हा द्यावा लागतो.