चिखलदऱ्याला निघण्याआधी एवढं वाचा

बुकिंगला आलेले बहुतेक जण आधी एकच विचारतात, "भाऊ, पॉइंट किती दाखवाल?" दोन दिवसांत चार. हे ऐकून काही जण दुसरीकडे जातात, त्याला आमचा इलाज नाही. गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा बसायचं, असे दहा पॉइंट आम्हीही पूर्वी करायचो. घरी परतलेल्या माणसाला कुठला फोटो कुठला, ते आठवत नसे.

आता भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल आणि गाविलगड एवढंच करतो. त्यातही गाविलगडाला दुसऱ्या दिवशीची अख्खी सकाळ.

गडाच्या दक्षिण कड्यावरून खाली वऱ्हाडचं सपाट रान दिसतं. तिथे उभं राहून समोरच्या डोंगराच्या कुशीकडे बघा. एक उभा कडा, मग थोडा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार, अशा पायऱ्या दिसतील. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी पसरत गेला, त्याचेच हे थर. थराचा मधला भाग घट्ट, म्हणून कडा टिकतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, तो लवकर झिजतो आणि उतार होतो. मध्येच विटेसारखा तांबडा पट्टा दिसला तर ती दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तयार झालेली माती. घाटात कापलेल्या दरडीत ती गाडीतूनही दिसू शकते, ड्रायव्हरला सांगून ठेवलंय.

"मग ज्वालामुखीचं तोंड कुठे आहे?" हा प्रश्न प्रत्येक ट्रिपला येतो. शंकूसारखा डोंगर इथे शोधू नका. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा त्यांतून वाहत आला. नागपूरकरांना हा दगड नवा नाही. आपल्या बर्डीच्या किल्ल्याची टेकडी याच काळ्या दगडाची. नागपूरच्या पूर्वेला मात्र हा दगड संपत जातो, आणखी जुने खडक लागतात. म्हणजे आपण राहतो ते या लाव्ह्याच्या काठावर.

दक्षिणेकडचा उतार एवढा अचानक का, तर डोंगराच्या पायथ्याशी गाविलगड प्रस्तरभंग आहे. तिथे भूस्तर तुटून सरकलेत. 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी हा गड घेतला, तेव्हा तटाला भगदाड पाडायला तोफा डोंगरातून ओढत उत्तरेकडे न्याव्या लागल्या होत्या. कड्यावर उभं राहिलं की कारण वेगळं सांगावं लागत नाही.

धुक्याबद्दल आधीच स्पष्ट बोलतो. जुलै-ऑगस्टमध्ये समोरचा माणूस दिसेना, असं होतं. त्याचे पैसे परत मिळत नाहीत. आम्ही कड्याजवळ तासभर थांबतो. धुकं फाटलं तर दोन मिनिटांत सगळी दरी उघडते. नाही फाटलं तर गरम चहा. लांबवर स्वच्छ दिसायला हवं असेल तर पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात या. थंडी असते, स्वेटर लागेलच. गाव समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास आहे.

नागपूरहून अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या जवळपास, अमरावती-परतवाडा मार्गे. परतवाड्यानंतर घाट लागतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या सीटचं बुकिंगलाच सांगावं, ऐनवेळी भांडणं होतात. परतवाड्याला जेवण हलकं घ्या.

कड्यावर शेवाळलेला दगड फार निसरडा असतो, चपला चालणार नाहीत. दगडातल्या पांढऱ्या स्फटिकांचे तुकडे फोडून आणू नका. हा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, दंड तुम्हाला होईल आणि गाडी आमची अडकेल. वानरांना खाऊ देऊ नका. प्रवेशाच्या पावत्या भाड्यात धरलेल्या नाहीत, सुटे पैसे जवळ ठेवा. येताना खवा घ्यायचा असेल तर घरून डबा आणा. मागच्या वेळी पिशवीतला खवा सीटवर सांडला, अजून वास जात नाही.