‘डाऊनमुळेच असेल’ म्हणण्याआधी

“पोर फार शांत आहे हो, कधी त्रासच देत नाही.” डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाची आजी हे कौतुकाने सांगते. बालरोगतज्ज्ञ मात्र ते ऐकून थायरॉइडची तपासणी लिहून देतात. या मुलांमध्ये थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. बाळ सुस्त असणं, कमी रडणं, बद्धकोष्ठ ही सगळी त्याची लक्षणं घरच्यांना ‘डाऊनचीच’ वाटतात. डाऊन सिंड्रोम बरा होत नाही. थायरॉइडवर रोजची एक स्वस्त गोळी असते. पहिल्या वर्षात ती वेळेवर मिळाली नाही, तर मेंदूच्या वाढीचं जे नुकसान होतं ते नंतर भरून निघत नाही.

जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरने १८६६ मध्ये या मुलांचं वर्णन केलं. कारण सापडायला १९५९ साल उजाडलं. लेज्यून, गोतिए आणि तुर्पां या फ्रेंच संशोधकांनी दाखवलं की या मुलांच्या पेशीत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं असतात. २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्तीची. त्यावरची दोनशेहून अधिक जनुकं ठणठणीत असली तरी त्यांचं काम दोनाऐवजी तीन प्रतींतून चालतं, आणि हृदय, स्नायू, मेंदू यांच्या घडणीचा तोल बदलतो.

ही जास्तीची प्रत बहुतेक वेळा आईच्या बीजांडातून येते, म्हणून घरात बोट तिच्याकडे जातं. ग्रहणात भाजी चिरलीस, पपई खाल्लीस, काय वाट्टेल ते! खरं तर बीजांडाचं विभाजन सुरू होतं तेव्हा ती आई स्वतःच तिच्या आईच्या पोटात असते. तिथे ते अर्ध्यावर थांबतं आणि पुढे कित्येक वर्षांनी पूर्ण होतं. थांबण्याचा हा काळ लांबला की गुणसूत्रांची जोडी नीट सुटी न होण्याची शक्यता वाढते, म्हणून आईच्या वयाचा संबंध. तरीही पंचविशीतल्या आईलाही असं बाळ होऊ शकतं. तीन-चार टक्के मुलांत मात्र जास्तीचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो आणि तो कधीकधी आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. त्यामुळे चेहऱ्यावरून ओळख पटली तरी कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, करायचीच. पुढच्या बाळाचा धोका त्यावरूनच कळतो.

साधारण निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. स्टेथोस्कोपने तो दर वेळी ऐकू येत नाही, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, प्रत्येकाची. दूध पिताना धाप लागते, वजन वाढत नाही, याला ‘अशी मुलं नाजूकच’ म्हणत वर्ष घालवलं तर फुप्फुसांतला दाब इतका वाढू शकतो की शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. मुंबईत परळच्या वाडिया आणि केईएम रुग्णालयांत ठाणे-पालघरहूनच नव्हे, कोकणातूनही लोक येतात. तो प्रवास पहिल्या काही महिन्यांतच झालेला बरा.

मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती कानांची. या मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, पडद्यामागे द्रव साचतो आणि निम्म्याहून अधिक मुलांना कधी ना कधी कमी ऐकू येतं. हाक मारली तरी वळत नाही म्हणून पोर हट्टी ठरतं, बोलायला उशीर झाला की बुद्धीवर खापर फुटतं. ऐकूच आलं नाही तर शब्द येणार कुठून? वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत श्रवणचाचणी होते. दर वर्षी करून घ्यावी, डोळ्यांचीही.

मानेच्या वरच्या मणक्यांचे सांधे काही मुलांत सैल असतात. चाल अचानक बदलली, हातापायांतला जोर गेला, लघवीवरचा ताबा सुटला तर तडक डॉक्टर गाठायचा. दहीहंडीत हौसेने वरच्या थरावर तर चढवूच नका.

अमेरिकेत १९८० च्या दशकात या व्यक्तींचं सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आसपास होतं. आज ते साठीच्या घरात आहे. हृदयावरच्या शस्त्रक्रियांचा त्यात मोठा वाटा. आयुष्य वाढलं तसा अल्झायमर हा विस्मरणाचा आजार समोर आला. त्यात मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाचं जनुक २१व्या गुणसूत्रावरच आहे, आणि चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत तसे बदल दिसतात. पण तिशीतला मुलगा एकाएकी गप्प झाला, तर तो अल्झायमर असेलच असं नाही. थायरॉइड, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, बहीण लग्न होऊन सासरी गेल्याचं दुःख, यांतलं काहीही असू शकतं. मोठं झाल्यावर बालरोग विभाग सुटतो, आणि मोठ्यांच्या गर्दीच्या ओपीडीत एवढं सगळं विचारायला डॉक्टरांना सवड असेलच असं नाही. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), कान, डोळे, झोप, मान ही यादी फाईलच्या पहिल्या पानावर तारखांसकट पालकांनीच लिहून ठेवावी.