ओआरएम निवडताना त्याची एसक्यूएल वाचा

वेब अ‍ॅपच्या कोडमध्ये ऑर्डर हा ऑब्जेक्ट असतो आणि त्याच्यासोबत त्याचा ग्राहकही असतो. डेटाबेसमध्ये मात्र ऑर्डरच्या ओळीत ग्राहकाचा फक्त आयडी, नाव-पत्ता दुसऱ्या टेबलात. या दोन मांडण्यांची सांगड घालतं ते ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर, म्हणजे ओआरएम. आपण पायथन किंवा जावा लिहायचं, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) ते लिहितं. निवडताना बहुतेक जण मॉडेल (टेबलाचं कोडमधलं वर्णन) किती थोडक्यात लिहिता येतं ते बघतात. त्याआधी बघायला हवं ते हे, की आपल्या नावावर ते डेटाबेसला काय विचारतं.

परीक्षेला एकच पान पुरतं: शेवटच्या 50 ऑर्डरी, प्रत्येकीसमोर ग्राहकाचं नाव. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये ओआरएम आतच असतं. तिथे ऑर्डरींसाठी एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एक प्रश्न, जाते. मग टेम्प्लेटच्या (पानाच्या साच्याच्या) लूपमध्ये ग्राहकाचं नाव मागितलं की दर फेरीला आणखी एक. एकूण 51. लॅपटॉपवर टेस्ट डेटाच्या पाच ओळी आणि डेटाबेस त्याच मशीनवर, त्यामुळे काहीच जाणवत नाही. सर्व्हरवर दर क्वेरीच्या जाण्यायेण्याला 2 मिलिसेकंद धरले, तरी 102 मिलिसेकंद नुसत्या येरझाऱ्यांत जातात. यादीसाठी एक आणि तिच्यातल्या एन ओळींसाठी एन क्वेरी, हीच ती ‘एन प्लस वन’ची अडचण.

जँगोत ‘सिलेक्ट_रिलेटेड’ लावलं की जॉइन होतो, म्हणजे दोन्ही टेबलं एकाच क्वेरीत जोडली जातात, आणि 51 ची एक क्वेरी होते. एका ऑर्डरीत अनेक वस्तू असतील तर ‘प्रीफेच_रिलेटेड’ त्या सगळ्या एका वेगळ्या क्वेरीत आणून पायथनमध्ये जुळवतं. एसक्यूएलअल्केमी या पायथनच्या दुसऱ्या ओआरएममध्ये हीच कामं ‘जॉइन्डलोड’ आणि ‘सिलेक्टइनलोड’ करतात. शिवाय तिथे ‘रेझलोड’ आहे: न सांगता क्वेरी जाऊ लागली की सरळ एरर. रूबी भाषेच्या रेल्स फ्रेमवर्कनेही 6.1 पासून ‘स्ट्रिक्ट लोडिंग’ दिलं. ही सोय फार मोलाची आहे, कारण चूक अ‍ॅप वापरणाऱ्याच्या आधी आपल्याला दिसते.

हायबरनेट या जावाच्या ओआरएममध्ये सेशन (डेटाबेसशी चाललेलं कामाचं सत्र) बंद झाल्यावर न आणलेला डेटा मागितला तर ‘लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन’ येतं. ते गप्प करायला मॅपिंगवरच ‘ईगर’ (नेहमी आधीच आणा) लिहिलं जातं आणि मग नको त्या पानावरही तो डेटा येत राहतो. त्यापेक्षा लागेल त्याच क्वेरीत ‘जॉइन फेच’ लिहावं.

जॉइनही बेताने हवा. 50 ऑर्डरी, प्रत्येकीत 10 वस्तू आणि 4 शेरे, असं सगळं एकाच जॉइनमध्ये ओढलं तर 50 × 10 × 4, म्हणजे 2000 ओळी येतात. तीन वेगळ्या क्वेरींत 50, 500 आणि 200 मिळून 750.

दुसरी परीक्षा मायग्रेशनची, म्हणजे मॉडेलमधला बदल डेटाबेसच्या टेबलांत उतरवण्याची. मॉडेलमधल्या एका रकान्याचं नाव बदलून बघा. जँगो ‘नाव बदललंत का?’ असं विचारतो. एसक्यूएलअल्केमीसोबतच्या अलेंबिक या मायग्रेशन साधनाची ऑटोजनरेट सोय मात्र जुना रकाना काढून नवा घालणारी फाइल बनवते. ती फाइल न वाचता चालवली की त्या रकान्यातला डेटा गेला. जँगोतही ‘एसक्यूएलमायग्रेट’ने खरी एसक्यूएल आधी पाहून घ्यावी.

जँगोवर काम असेल तर त्याचंच ओआरएम घ्यावं, बाकीची फ्रेमवर्क त्याला धरूनच बांधलेली आहे. फ्लास्क किंवा फास्टएपीआय या पायथनच्या इतर फ्रेमवर्कवर, त्यातही गुंतागुंतीचे रिपोर्ट असतील तर, एसक्यूएलअल्केमी. कुठलंही घेतलं तरी महत्त्वाच्या पानांच्या टेस्टमध्ये क्वेरींची संख्या पक्की करून ठेवा. जँगोत त्यासाठी ‘असर्टनमक्वेरीज’ आहे: कोणी टेम्प्लेटमध्ये एक फील्ड वाढवलं आणि 2 च्या 52 झाल्या, की टेस्ट तिथेच पडते.