बाई, एक ते पाचात किती?

आमच्या शेजारच्या बाई महापालिकेच्या शाळेत शिकवतात. परवा रात्री साडेनऊला त्या जिन्यात उभ्या राहून मोबाईलवर यू-डायसची, म्हणजे सरकारच्या शाळा-नोंदणीची, माहिती भरत होत्या, घरात रेंज नव्हती म्हणून. मी सहज विचारलं, "कामाचा ताण किती? एक ते पाचात सांगा." मान वर न करता म्हणाल्या, "तीन." मग थांबून, "बीएलओची ड्युटी लागलेल्या मॅडमना विचारा. त्यांचा पाच." बीएलओ म्हणजे आपल्या भागाची मतदारयादी सांभाळणारा कर्मचारी.

म्हणजे बाईंनी ताण मोजला तो मॅडमना शेजारी उभं करून. आपण सगळे असंच करतो. मानसशास्त्रात याला संदर्भगटाचा परिणाम म्हणतात. एका शाळेपुरतं ते चालून जातं. पुण्याचा तीन आणि लंडनचा तीन एका तक्त्यात बसवले की घोळ होतो.

असे तक्ते निघतात. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या 'टॅलिस' या शिक्षकांच्या पाहणीत २०१८ साली ४८ देश-प्रदेशांतले अडीच लाखांहून जास्त शिक्षक होते. भारत नव्हता. कामाचा खूप ताण येतो म्हणणारे इंग्लंडमध्ये ३८ टक्के निघाले, ओईसीडीची सरासरी १८. समाज आपल्या पेशाची कदर करतो असं व्हिएतनाममध्ये ९२ टक्क्यांना वाटत होतं, फ्रान्समध्ये ७. एवढी दरी नुसत्या खुणा करण्याच्या सवयीने पडत नाही, हे मान्य. पण दोन देशांत चार-पाच टक्क्यांचा फरक दिसला की मी तरी बातमीचा मथळा करणार नाही.

कारण सवयीही असतातच. जपान आणि तैवानमधले विद्यार्थी अमेरिका-कॅनडातल्या मुलांपेक्षा मधल्या पर्यायावर जास्त खुणा करतात, असं १९९५च्या एका अभ्यासात दिसलं. शिवाय भाषा आहे. प्रश्नावलीत 'ताण' छापलेलं असतं; बाई म्हणतात "वैताग आलाय", फार झालं तर "डोकं उठलंय". भाषांतर पुन्हा मूळ भाषेत फिरवून अर्थ तपासता येतो, शब्दाचं वजन नाही. म्हणून संशोधक आधी प्रत्येक देशात प्रश्नांचे एकमेकांशी धागे सारखेच जुळतात का ते पाहतात. बऱ्याचदा धागे जुळतात, पण मोजपट्टीचा शून्य एकाच जागी नसतो: तेवढ्याच ताणाला एका देशात दोनवर खूण होते, दुसऱ्यात तीनवर. मग सरासऱ्यांची तुलना लंगडी पडते.

त्यापेक्षा तास विचारलेले मला बरे वाटतात. टॅलिसमध्ये जपानी माध्यमिक शिक्षकाचा आठवडा ५६ तासांचा, सर्वांत मोठा, सरासरी ३८. गंमत म्हणजे त्यातलं प्रत्यक्ष शिकवणं फक्त १८ तास, सरासरीपेक्षाही कमी. साडेसात तास शाळेनंतरच्या खेळ-छंदांच्या क्लबांत जातात. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने शिक्षकांना अशैक्षणिक कामं देण्यावर बंदी घातली, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळून. मतदारयादी त्या फटीतून आत येते.

बाईंना म्हटलं, बरं, आज शिकवलं किती तास? त्यांनी बोटं मोजायला घेतली. तेवढ्यात ओटीपी आला.