बॅटरी भरलेली, तरी वायरलेस गप्प

"ऐकायला सगळं येतं, बोलायला बटण दाबलं की मरतो." साखरीनाट्याच्या बंदरात एका तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख) आपल्या होडीवरच्या वायरलेसची तक्रार मला एवढ्याच शब्दांत सांगितली. मीटर लावला तर बॅटरीवर 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. सेटच्या मागे येणाऱ्या वायरीवरही तेवढेच. मग बिघाड सेटमध्येच असणार, असं धरून काका नवा सेट घ्यायला निघाले होते.

त्यांच्या त्या एका वाक्यात खरं तर सगळं निदान होतं. नुसतं ऐकताना सेट अर्धा अँपिअरही घेत नाही. बोलायचं बटण दाबलं की 25 वॅटचा सेट एकदम पाचेक अँपिअर ओढतो. वाटेत एखादा जोड कुजलेला असेल आणि त्याचा रोध अर्धा ओहम झाला असेल, तर ऐकताना तिथे पाव व्होल्टसुद्धा जात नाही. बोलताना मात्र अर्धा गुणिले पाच, म्हणजे अडीच व्होल्ट तिथेच खर्च होतात. सेटपर्यंत पोचतात जेमतेम दहा. असे बरेचसे सेट साधारण 11.7 व्होल्टच्या खाली नीट चालत नाहीत.

मग मीटरने 12.6 का दाखवले? कारण मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. करंट नाही, तर जोडावर घटही नाही. नळाच्या पाइपात शेवाळ साचलं असलं, तरी नळ बंद असताना पाण्याचा दाब पुरताच असतो. नळ सोडला की धार बारीक होते, तसंच हे. म्हणून होडीवरची कुठलीही वस्तू तपासायची ती चालू ठेवून, भार असताना.

पद्धत सोपी आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सेटच्या प्लस वायरीवर ठेवायची आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगायचं. आकडा दिसेल तो वाटेत गेलेल्या व्होल्टचा. मग हेच मायनसच्या बाजूला करायचं. ही बाजू बहुतेक जण विसरतात आणि घोटाळा अनेकदा तिथेच असतो. अँटेना जोडलेली असू द्या, आणि हे 16 नंबरच्या चॅनलवर मुळीच करू नका. संकटाची हाक त्यावर येते.

काकांच्या होडीवर प्लसच्या बाजूला 2.4 व्होल्ट गेले. फ्यूजच्या अलीकडे एक पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड होता. बटण दाबलेलं असताना त्याला बोट लावलं तर कोमट लागला. हरवलेले व्होल्ट तिथे उष्णता होऊन बसले होते, दहा-बारा वॅटची. टेप सोडली, तर आत तांब्यावर हिरवी भुकटी. वायर सोलत मागे गेलो, तर वीतभर आतपर्यंत तारा काळ्या.

हे काळेपण आत कसं शिरतं ते पाहण्यासारखं आहे. बारीक तारांच्या जुडीत फटी असतात. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं खारं पाणी केशाकर्षणाने त्यांतून आत चढतं. वरचं प्लॅस्टिक धड असल्याने बाहेरून काहीच कळत नाही. पाणी वाळलं तरी मीठ राहतं, आणि पावसाळ्यात बरणीतल्या खडेमिठाला पाणी सुटतं तसं ते हवेतली ओल ओढत राहतं. टेपने हे थांबत नाही, उलट ओल आत कोंडते. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापायची, टोकाला लग, म्हणजे धातूची जोडपट्टी, दाबून बसवायचा, वरून आत गोंद असलेली नळी तापवून आवळायची. नवी वायर घेताना कथिलाचा मुलामा असलेली घ्यावी. महाग पडते, पण खाऱ्या हवेत तीच टिकते.

सेल्फ मारल्यावर जीपीएस किंवा फिशफाइंडर बंद होऊन पुन्हा चालू होत असेल, तर गोष्ट वेगळी. सेल्फची मोटर क्षणभर शंभराच्या वर अँपिअर ओढते आणि बॅटरीचाच व्होल्टेज कोसळतो. जमत असेल तर इलेक्ट्रॉनिक वस्तूंना वेगळी बॅटरी द्यावी, नाहीतर इंजिन सुरू झाल्यावरच त्या चालू कराव्यात. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा बसवणं मात्र धोक्याचं आहे. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. तो उडत असेल तर कुठेतरी शॉर्ट शोधायला हवा.

नवा जोड केल्यावर काकांनी बटण दाबलं, तेव्हा सेटच्या मागे 12.2 व्होल्ट टिकून राहिले. जुनाच सेट बोलू लागला. 1 जून ते 31 जुलै या पावसाळी मासेमारीबंदीत होडी किनाऱ्यावर शाकारलेली असते आणि त्या दोन महिन्यांच्या दमट हवेत जोड निवांत कुजत राहतात. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा पाण्यात उतरताना बॅटरी चार्ज करून सगळेच घेतात. त्याच दिवशी बटण दाबून, मीटर लावून हा आकडाही बघून घ्यावा, धक्क्याला होडी बांधलेली असतानाच.