माथेरान : वाहनबंदी आणि प्रवास

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं, साधारण 800 मीटर उंचीवरचं थंड हवेचं ठिकाण. पॉइंट आणि हॉटेलं सगळ्यांना माहीतच आहेत, इथे विषय गावातल्या मोटारबंदीचा, कारण सुट्टीच्या प्रवासाचा निसर्गावरचा भार कमी करताना काय जमतं आणि काय अडतं ते इथे जितकं उघड दिसतं तितकं महाराष्ट्रात क्वचितच कुठे दिसत असेल.

नावाबद्दल दोन मतं आहेत. 'माथ्यावरचं रान' हे जास्त पटतं, कारण डोंगराचा माथा खरंच सपाट आणि दाट झाडीचा आहे. 'मातेचं रान' हेही सांगितलं जातं. 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान 'शोधलं' असं छापत आलेत, पण धनगर, ठाकर, कातकरी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून इथे वावरायचे, तेव्हा इंग्रजांना ते तेव्हा कळलं एवढंच म्हणावं.

पायथ्याच्या नेरळहून माथेरानला येणारी छोटी रेल्वे, म्हणजे टॉय ट्रेन, पीरभॉय कुटुंबाने बांधली, साधारण 1904 ते 1907. दोन रुळांतलं अंतर दोन फूट, लांबी सुमारे 20 किमी, चढ काही ठिकाणी 20 फुटाला 1 फूट. एवढ्या आवळलेल्या वळणांवर साधं इंजिन अडकतं, म्हणून ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीच्या वाफेच्या इंजिनांत क्लाइन-लिंडनर पद्धतीचे आस (अॅक्सल) होते, म्हणजे टोकाचा आस पोकळ, त्याच्या आत दुसरा, आणि वळणावर चाकांना थोडं सरकायची मोकळीक. पुढे वाफेची जागा डिझेलने घेतली.

बंदीचा आजचा कायदेशीर आधार 4 फेब्रुवारी 2003 ची अधिसूचना, तिने माथेरान आणि परिसर पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ठरवला. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, अॅम्ब्युलन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर पुढचे अडीच-तीन किमी पायी किंवा घोड्यावर, आणि वर्षानुवर्षे माणसाने ओढायच्या हातरिक्षातही. तांबडी माती पहिल्या शंभर पावलांतच बुटांवर चढते, आणि गॅसच्या टाक्या नि किराणा लादलेली हातगाडी हमाल चढावर पाठीने ढकलताना दिसतात. धूर नाही, पण तो भार माणसाच्या अंगावर येतो हे विसरून चालत नाही. 2022 च्या शेवटी ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून आल्या, आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायचा आदेश दिला. हातरिक्षा ओढणाऱ्यालाच ई-रिक्षा मिळावी, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मात्र बंदी फक्त शेवटच्या तीन किलोमीटरची आहे. मुंबईहून एकेकट्या कारने दस्तुरीपर्यंत आलं तर इंधन जळायचं ते आधीच जळून गेलेलं असतं, पार्किंगची गर्दी नि घाटातला जॅम वेगळाच. सीएसएमटीहून कर्जत लोकल धरून सुमारे 86 किमीवरच्या नेरळला उतरायचं, तिथून टॉय ट्रेन किंवा शेअर टॅक्सी, पुढे पायी, हा मार्ग सगळ्यात हलका आणि मुंबईकराला तर सवयीचाच. अडचण एवढीच की टॉय ट्रेनवर भरवसा ठेवता येत नाही : जुलै 2005 च्या पुरात मार्ग वाहून गेला तो 2007 मध्ये सुरू झाला, 2019 च्या पावसात परत बंद पडला तो थेट ऑक्टोबर 2022 पर्यंत, आणि त्या काळात लोकांना रस्ताच उरला. दर पावसाळ्यातही नेरळ ते अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) हा टप्पा बंदच असतो, फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालते.